सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव हा दर डिसेंबरात पुण्यात भरणारा शास्त्रीय संगीताचा महोत्सव आहे. किराना घराण्याचे गायक आणि संगीत रंगभूमीवरील गायकनट रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांच्या स्मृतीसाठी त्यांचे शिष्य पं. भीमसेन जोशी यांनी तो १९५३ मध्ये सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ त्याचे आयोजन करते.

रामभाऊंचा जन्म १८८६ चा. धारवाडजवळच्या कुंदगोळात ते वाढले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. त्यांचा आवाज मुळात गोड नव्हता. मेहनतीनेच त्यांनी तो घडवला. पुढे ते नाटक कंपनीत शिरले आणि स्त्रीभूमिका करू लागले. गायकनट बालगंधर्वांचे नाव तेव्हा घरोघरी होते. अशा काळात अमरावतीला दादासाहेब खापर्डे यांनी रामभाऊंचे गाणे ऐकून त्यांना ‘सवाई गंधर्व’ म्हटले, आणि तेच नाव रूढ झाले. संगीत नाटकाने ख्याल सामान्य प्रेक्षकांपर्यंत नेला, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. अखेरच्या वर्षांत पक्षाघातामुळे त्यांचे गाणे थांबले. १२ सप्टेंबर १९५२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची खरी मिळकत म्हणजे शिष्य. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला शिकायला जात. गाण्याच्या ओढीने लहानपणीच घर सोडलेल्या भीमसेनांना त्यांनी आपल्याकडे ठेवून शिकवले. याच भीमसेनांचे गाणे जानेवारी १९४६ मध्ये गुरूच्या षष्ट्यब्दीनिमित्त पुण्यात हिराबागेत झाले आणि पुणेकरांनी त्यांना डोक्यावर घेतले. त्यामुळे गुरूच्या पश्चात त्यांच्या स्मृतीचा उत्सव याच शहरात उभा राहिला, यात नवल नाही. गुरूचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे पुण्यातच होते. त्यांचे पाठबळ मिळाले.

सुरुवातीला हा गुरुबंधू-भगिनींचा घरगुती मेळावाच होता. गर्दी वाढली तशी जागा बदलत गेली: रेणुका स्वरूप प्रशालेचे पटांगण, नंतर कित्येक वर्षे रमणबाग, आणि २०१८ पासून मुकुंदनगरातील महाराष्ट्रीय मंडळाचे क्रीडासंकुल. मांडवात खुर्च्या असतात, पण पुढची भारतीय बैठक हीच या महोत्सवाची ओळख. सतरंजीवर मांडी घालून बसलेला श्रोता समेवर मान हलवतो, तान फसली तर तेही त्याच्या लक्षात येते. असा श्रोतृवर्ग घडवणे ही या संस्थेची सर्वांत मोठी कमाई मानली पाहिजे.

पूर्वी मैफल रात्रभर चाले. शेवटच्या सत्रात फिरोज दस्तूर, गंगूबाई आणि भीमसेन हे गुरुबंधू-भगिनी गात. दस्तूर गायला बसले की ‘गोपाला’ या रचनेची फर्माईश ठरलेली. शेवटचे गाणे भीमसेनांचे. आणि त्यानंतर सवाई गंधर्वांची भैरवीतील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवरून ऐकवून सांगता होई. सांगतेची ही रीत आजही पाळली जाते. म्हणजे महोत्सवाचा शेवटचा स्वर ज्याच्या नावाने तो भरतो त्याचाच असतो.

ध्वनिवर्धकांवरील २००० सालच्या नियमांनंतर रात्री दहाची मर्यादा आली. तीन रात्रींचा उत्सव पुढे अनेक दिवसांत विभागला गेला आणि सत्रे दुपारी सुरू होऊ लागली. त्याने मुलतानी, भीमपलास, मधुवंतीला जागा मिळाली. पण मध्यरात्रीचा दरबारी, उत्तररात्रीचा सोहनी आणि उजाडताना येणारा ललित त्यांच्या वेळेवर ऐकण्याचे सुख गेले. ही हानी मोठी आहे. वेळ हा रागाचाच भाग असतो.

भीमसेनांना २००८ मध्ये भारतरत्न जाहीर झाले. २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले. त्यानंतर महोत्सवाला गुरूसोबत शिष्याचेही नाव जोडले गेले. गायन, वादन आणि नृत्य यांत नामवंतांबरोबर नवोदितांनाही येथे स्वतंत्र वेळ मिळतो, आणि भीमसेनांच्या पत्नीच्या नावाचा वत्सलाबाई जोशी पुरस्कार दिला जातो. गणेशखिंड रस्त्याजवळच्या सवाई गंधर्व स्मारकात याच दिवसांत संगीतविषयक लघुपट आणि कलावंतांच्या मुलाखती होतात. करोनामुळे २०२० मध्ये महोत्सव झाला नाही. एरवी पुण्याचा डिसेंबर त्याच्याभोवतीच आखला जातो.