मुद्द्यांचे नवे-जुने

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ‘नवे-जुने’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. शहरी वाचकांसाठी थोडे सांगतो. खरिपाला उचललेले पीककर्ज मार्चअखेर भरले तर व्याजाची सवलत मिळते. पण मार्चमध्ये हातात पैसा असतो कुणाच्या? मग शेतकरी अडत्याकडून किंवा सावकाराकडून चार-आठ दिवसांसाठी रक्कम उचलतो, बँकेत भरतो, खाते कोरे करून घेतो आणि नवे कर्ज मंजूर झाले की तीच रक्कम काढून ज्याची त्याला परत करतो. कागदावर कर्ज फिटले, माणूस मात्र होता तिथेच. उलट सावकाराच्या व्याजापुरता अधिक खाली. बँकेच्या नोकरीत दर मार्चला मी या कागदांवर सह्या केल्या आहेत. कायद्याने त्यात काही वावगे नव्हते. फक्त फिटत काहीच नव्हते.

आता साठी उलटल्यावर निवडणुकांचे रंग पाहताना तो शब्द पुन्हा पुन्हा आठवतो. आपल्या सार्वजनिक जीवनात काही भांडणे अशी आहेत की ती मिटावीत असे ती चालवणाऱ्याला मुळी वाटतच नाही. दर पाच वर्षांनी त्यांचे नवे-जुने होते. मुद्दल कायम.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो रास्त आहे. समाजात फूट पाडतो म्हणून कुठलाही प्रश्न काढूच नये काय? तसे म्हटले तर दलितांच्या, बायकांच्या हक्काचा एकही प्रश्न कधी कुणी काढला नसता. अमरावतीपुरतेच बोलायचे तर अंबादेवीच्या मंदिराचे उदाहरण घ्या. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. विषय होता अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश. शहर या प्रश्नावर दुभंगले होते, सवर्णांतही दोन तट होते आणि डॉ. पंजाबराव देशमुख प्रवेशाच्या बाजूने उभे होते. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांना थोरले बंधू बाळाराम गेल्याची बातमी आली. त्या परिषदेने काय ठरवले? विश्वस्तांना विचार करायला अवधी मिळावा म्हणून सत्याग्रह काही महिने पुढे ढकलला.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. मागणी एका ओळीची होती: दार उघडा. कुणाकडे, तर विश्वस्तांकडे. दार उघडले की भांडण संपणार होते, आणि ते संपावे म्हणून मागणाराच थांबायला तयार होता. पुढल्याच वर्षी पंजाबराव जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. म्हणजे फूट पाडणाऱ्या प्रश्नातून पाण्यापर्यंत पोचता येते.

तारीख लक्षात ठेवा. बरोबर ९४ वर्षांनी, १३ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्याच अमरावतीत बंद होता. आदल्या दिवशी त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ मोर्चा निघाला, बाजारपेठेत दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी त्याला उत्तर म्हणून भाजपने बंद पुकारला. पुन्हा दगडफेक, जाळपोळ, मग संचारबंदी आणि इंटरनेट बंद. त्रिपुरा देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्या दोन दिवसांत एका बाजूची दुसऱ्या बाजूकडे नेमकी मागणी काय होती? अमरावतीतल्या कुणी ती मान्य करायची म्हटली तरी करता येण्यासारखी होती काय? काच फुटलेल्या दुकानदाराला त्रिपुराबद्दल काय देता आले असते?

तेव्हा अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांच्या निवडणुका तोंडावर होत्या. जानेवारी २०२२ मध्ये अमरावतीच्या राजापेठ उड्डाणपुलावर आमदार रवी राणा यांनी परवानगीशिवाय शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला आणि महापालिकेने तो हटवला. शिवरायांना या शहरात विरोध करणारा माणूस औषधालाही सापडायचा नाही, तरी ‘पुतळ्याच्या बाजूचे’ आणि ‘विरोधातले’ असे दोन गट बघता बघता तयार झाले. फेब्रुवारीत महापालिका आयुक्तांवर शाई फेकली गेली. मार्चमध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली. आणि निवडणूक? ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या न्यायालयीन वादात ती अडकली, ती थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. जवळजवळ चार वर्षे दोन्ही शहरांत एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाचा. गटार तुंबले, नळ आला नाही, तर कुणाच्या दारात जायचे हा प्रश्नच नव्हता, कारण दारच नव्हते. याच काळात, १३ मे २०२३ च्या रात्री, समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली आणि एक माणूस जिवानिशी गेला. एका मजकुरासाठी शेकडो लोक रस्त्यावर आले. चार वर्षे हिरावलेल्या मतासाठी मात्र असे रान पेटल्याचे मला आठवत नाही.

असे का व्हावे? याचे उत्तर मला दर्यापूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने फार पूर्वी दिले होते, कर्जाचा अर्ज भरता भरता. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यातल्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळीभोर, नजर ठरत नाही अशी; पण विहीर खणली तर पाणी खारट. पिके बव्हंशी पावसावर. ते पाणी पिणाऱ्या गावांतून मूत्रपिंडाचे आजार वर्षानुवर्षे ऐकू येतात. मी त्याला म्हटले, एवढा मोठा प्रश्न, तीन जिल्ह्यांचा, यावर निवडणूक का लढवली जात नाही? तो हसला. म्हणाला, “सायेब, खारं पानी साऱ्याइलेच लागते. मंग भांडाव कोनासंगं?”

राज्यशास्त्राच्या पुस्तकात मला याहून नेमके काही वाचायला मिळाले नाही. खाऱ्या पाण्याला जात नाही, धर्म नाही. ते प्रत्येकाच्या घशाखाली सारखेच उतरते, म्हणून त्याच्यावर मतांची वाटणी होत नाही. शिवाय पाण्याचे आश्वासन दिले तर ते मोजता येते: पाइप किती आले, किती दिवसांआड नळ येतो. अस्मितेच्या आश्वासनाला तारण लागत नाही, मुदत नसते आणि वसुलीला कुणी येत नाही.

आणि उमेदवाराला समोरच्या गोटातला माणूस पटवायचा नसतोच. आपला माणूस घराबाहेर काढायचा आणि समोरची मते फोडायची, एवढेच गणित. अकोला लोकसभा मतदारसंघ म्हणजे त्या गणिताची पाटी. १९९८ मध्ये काँग्रेस आणि रिपब्लिकन एकत्र असताना प्रकाश आंबेडकर इथून निवडून आले, १९९९ मध्येही आले. २००४ पासून मात्र भाजपचे संजय धोत्रे लागोपाठ चार वेळा. २०१९ ला धोत्रे यांना साडेपाच लाखांवर मते होती, समोर आंबेडकर आणि काँग्रेसचा मुस्लिम उमेदवार यांच्यात तेवढ्याच्या जवळपास मते वाटली गेली. २०२४ मध्ये अनुप धोत्रे सुमारे ४० हजारांनी जिंकले आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या आंबेडकरांना पावणेतीन लाखांवर मते होती. त्याच जिल्ह्यात सहा महिन्यांनी उलटा खेळ. अकोला पश्चिम ही विधानसभेची जागा १९९५ पासून भाजपच्या गोवर्धन शर्मांची. त्यांच्या निधनानंतर २०२४ ला तिथे बंडखोर उभे राहिले आणि काँग्रेसचे साजिद खान पठाण तेराशेहूनही कमी मतांनी निवडून आले. अशा ठिकाणी शे-दोनशे घरांत भीती पोचवली तरी निकाल फिरू शकतो. भीती पोचवायला खर्चही फार येत नाही.

यातून कुठलाही पक्ष सुटलेला नाही, हे सांगितलेच पाहिजे. २०२४ च्या लोकसभेला ‘संविधान बदलणार’ ही भीती दलित वस्त्यांतून फिरली, तर नोव्हेंबरमध्ये विधानसभेला ‘बटेंगे तो कटेंगे’ आले. योगी आदित्यनाथांच्या सभा आपल्याकडे झाल्या, अचलपूरच्या सभेत रझाकारांची आठवण निघाली. त्या वेळी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकरी त्याच्या कितीतरी खाली माल घालत होता. कापूस-सोयाबीनच्या या मुलखात निवडणूक चालली होती रझाकारांवर! महायुतीतलेच अजित पवार म्हणाले की ही घोषणा महाराष्ट्रात चालणार नाही. निकाल महायुतीच्याच बाजूने लागला, तो घोषणेमुळे की लाडक्या बहिणीच्या पैशांमुळे, हे छातीठोक सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. अमरावतीचेच पाहा ना. २०१९ ला नवनीत राणा अपक्ष म्हणून काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्याने जिंकल्या, एप्रिल २०२२ मध्ये मातोश्रीसमोर हनुमान चालिसा म्हणण्याच्या प्रकरणात तुरुंगात गेल्या, देशभर नाव झाले. आणि २०२४ ला भाजपच्या उमेदवार म्हणून काँग्रेसचे बळवंत वानखडे यांच्याकडून १९,७३१ मतांनी हरल्या. मतदार इतका सोपा नाही.

कायदा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३ धर्म, जात, भाषेच्या नावावर मत मागणे हा भ्रष्टाचार मानते. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. पण सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला ११ डिसेंबर १९९५ ला. तोवर ती विधानसभा इतिहासजमा झाली होती. आठ वर्षांनी होणारी वसुली कुठल्या थकबाकीदाराला घाबरवते?

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत बोलकी गोष्ट घडली ती अकोटला. डिसेंबर २०२५ च्या नगरपालिका निवडणुकीत भाजप आणि एमआयएम एकमेकांविरुद्ध लढले. कशावर लढले ते वाचकांना सांगायला नको. जानेवारी २०२६ मध्ये बातमी आली की नगरपरिषदेतल्या सत्तेसाठी दोघे एकाच आघाडीत बसले आहेत. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अशी युती चालणार नाही असे जाहीर केले, पक्षाने आमदाराला नोटीस काढली, एमआयएमनेही मग पाय मागे घेतला. दोन्हीकडच्या वरिष्ठांना त्या युतीची लाज वाटली. मला मात्र त्या नगरसेवकांचा फारसा राग आला नाही. प्रचारात जे भांडण जिवापाड होते, ते पाण्याच्या टाकीचा, रस्त्याचा ठराव घ्यायची वेळ आली तेव्हा आठ-पंधरा दिवस बाजूला ठेवता आले. म्हणजे ठेवता येते! मते देणाऱ्या अकोटच्या मोहल्ल्यांना आणि पेठांना मात्र, एकमेकांच्या दुकानात जावे की नाही हे ठरवताना, तशी सोय कुणी दिली नव्हती.