वनांचे हवामानबदलाशी अनुकूलन
बदलते तापमान व पर्जन्यमान यांना तोंड देऊन टिकून राहण्याची आणि पुन्हा पुन्हा नवी होत राहण्याची वनाची क्षमता राखण्यासाठी योजलेल्या उपायांना ही संज्ञा लावतात. सागाचे रोप सु. ६० ते ८० वर्षांनी तोडणीस येते. म्हणजे आज रुजणाऱ्या रोपास या शतकाच्या उत्तरार्धातील हवामानात वाढावे लागणार. म्हणून हे उपाय फार अगोदर योजावे लागतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुका व त्याच्या पूर्वेकडील गडचिरोली जिल्हा येथील वने प्रामुख्याने उष्ण कटिबंधीय पानझडी प्रकारची आहेत. साग, ऐन, बीजा, धावडा, मोह, तेंदू, चारोळी, आवळा इ. वृक्ष आणि बांबू ही येथील मुख्य वनस्पती होत. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो, तर उन्हाळा अतितीव्र असतो. मे २०१९ मध्ये चंद्रपूर येथील तापमान ४७° से.च्या वर गेले होते. येथील भातशेती माजी मालगुजारी तलावांवर बरीच अवलंबून असल्याने पाणलोटातील वनाची अवस्था शेतीच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरते.

हवामानबदलाचा पहिला आघात रोपांवर होतो. पहिल्या सरींनी बी रुजल्यावर पावसात दीर्घ खंड पडला, तर कोवळी रोपे वाळतात. बीजा, ऐन यांसारख्या वृक्षांच्या रोपांचा जमिनीवरील भाग उन्हाळ्यात अनेकदा मरतो; परंतु मुळे जिवंत राहून दरवर्षी बळकट होतात व पुढे त्यांतूनच कायम खोड उभे राहते. वारंवार वणवा लागल्यास हा क्रम खंडित होतो. शिवाय पालापाचोळा जळून जमिनीतील ओलावा व सेंद्रिय द्रव्य घटते. वरून वन हिरवे दिसले, तरी त्याखाली पुढची पिढी नसते.

वणव्याचा प्रश्न उपजीविकेशी निगडित आहे. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालील पाला जाळतात. तेंदूची कोवळी पाने अधिक यावीत म्हणूनही आग लावली जाते. मोहाच्या बिया तेलासाठी गोळा होत असल्याने मोहाची नवी रोपे आधीच विरळ असतात. या उत्पन्नावर अनेक कुटुंबांचा उन्हाळा निभावतो. म्हणून केवळ बंदीने वणवे थांबत नाहीत. जाळरेषा वेळेवर स्वच्छ करणे, झाडाखालचा पाला न जाळता झाडून काढणे, तेंदूची झुडपे छाटून फुटवे घेणे व काही मोहवृक्षांचे बी राखून ठेवणे हे उपाय अधिक व्यवहार्य ठरतात.

दुसरा उपाय विविधतेचा. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाने विदर्भात मिश्र वने तोडून विस्तृत क्षेत्रावर सागाची लागवड केली. साग मोलाचा असला, तरी एकाच जातीच्या वनात एखादी कीड किंवा अवर्षण यांचा फटका सर्व झाडांना एकदम बसतो. मिश्र वनात निरनिराळ्या जातींची मुळे निरनिराळ्या खोलीवरील पाणी घेतात व हानी विभागली जाते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात भावी हवामानास अनुरूप ठिकाणचे बियाणे निवडण्याची पद्धत २०१८ पासून रूढ झाली. विदर्भात मात्र स्थानिक जातींची मुळे जमिनीत असल्याने संरक्षण दिल्यास पुष्कळ ठिकाणी लागवडीवाचूनही वन उभे राहते.

असे संरक्षण दीर्घकाळ कोण देणार, हा कळीचा प्रश्न होय. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावास तो २०१२ मध्ये मिळाला. तेथील ग्रामसभेने छाटणी व आगीमुळे होणारी हानी लक्षात घेऊन तेंदूपाने तोडणे थांबविले आणि बांबूच्या उत्पन्नावर भर दिला. अशा निर्णयांनी तापमानवाढ थांबत नाही. तथापि रोपांना मुळे धरण्यास आवश्यक असलेली वर्षे त्यांमुळे मिळतात.