स्टायल : सुताने वसवलेले गाव

इंग्लंडमध्ये मँचेस्टर शहराच्या दक्षिणेला, साधारण १६ किलोमीटरवर, स्टायल नावाचे एक लहान गाव आहे. गावाजवळून बोलिन ही छोटी नदी वाहते. नदीच्या काठी लाल विटांची एक उंच, जुनी इमारत उभी आहे. ही क्वारी बँकची सूतगिरणी. आज स्टायल गावात जी जुनी घरे दिसतात, त्यांतली बरीचशी या गिरणीमुळेच उभी राहिली.

ही गिरणी सॅम्युएल ग्रेग या व्यापाऱ्याने १७८४ साली सुरू केली. मुलांनो, तुम्हाला प्रश्न पडेल, की मँचेस्टरसारखे शहर सोडून त्याने गिरणी या आडबाजूला का बांधली? याचे उत्तर पाण्यात आहे. त्या काळी सूत कातण्याची नवी यंत्रे निघाली होती. ती हाताने चालवणे शक्य नव्हते. नदीचे पाणी मोठ्या चाकावर सोडले, की चाक फिरे आणि त्याच्या जोरावर सगळी यंत्रे चालत. म्हणून जिथे वाहते पाणी, तिथे गिरणी.

पाणी मिळाले, पण माणसे कुठून आणायची? आसपास वस्ती थोडी होती. तेव्हा ग्रेगने गरीब आणि अनाथ मुले आणण्याचा मार्ग धरला. इंग्लंडमध्ये गरिबांना सांभाळणारी आश्रयगृहे होती. तिथून मुलांना करार करून गिरणीत पाठवले जाई. करार संपेपर्यंत त्यांना गिरणी सोडता येत नसे. या मुलांसाठी ग्रेगने १७९० साली एक वेगळे घर बांधले. तिथे राहणाऱ्या मुलामुलींची संख्या पुढे नव्वदच्या आसपास गेली.

मुले आठवड्यातून सहा दिवस, रोज सुमारे बारा तास काम करीत. कोणी तुटलेला धागा जोडी, तर कोणी यंत्राखाली सरपटत जाऊन कापसाचा कचरा काढी. मुलांना पोटभर जेवण मिळे. आजारी पडल्यास डॉक्टर येई. दुसऱ्या कित्येक गिरण्यांत एवढेही नव्हते. तरीसुद्धा मुले सुखी होती का?

१८०६ साली जोसेफ सेफ्टन आणि थॉमस प्रीस्टली ही दोन मुले गिरणीतून पळाली आणि थेट लंडनला पोहोचली. जोसेफ १७ वर्षांचा होता, तर थॉमस १३ वर्षांचा. यंत्रात सापडून थॉमसचे एक बोट गेले होते. दोघांनाही आपापल्या आईला भेटायचे होते. पकडल्यावर त्यांना मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले गेले. तेथे त्यांचे जबाब लिहून घेतले. जोसेफने जेवणाबद्दल तक्रार केली नाही. मात्र त्याने सांगितले, की मला जास्त वेळा शाळेत जायचे होते, पण जादा कामामुळे जाता येत नसे. ज्या मुलांना कोणी विचारत नसे, त्यांचे म्हणणे या जबाबामुळे आज आपल्याला कळते.

पुढे गिरणी वाढली. सूत कातायला अधिक कामगार लागले. १८२० च्या सुमारास ग्रेगने कामगारांच्या कुटुंबांसाठी विटांची घरे बांधली. प्रत्येक घरामागे भाजीपाल्यासाठी जमीन दिली. शाळा, प्रार्थनामंदिर आणि दुकानही झाले. अशा रीतीने गिरणीभोवती गाव वसले. पण घर मालकाचे होते. नोकरी गेली, की घरही जाई.

या भरभराटीला आणखी एक बाजू होती. अमेरिकेतून येणारा पुष्कळ कापूस गुलामांच्या कष्टाने पिकत असे. शिवाय ग्रेग कुटुंबाचा वेस्ट इंडीजमधील डोमिनिका बेटावर मळा होता. तिथेही गुलाम राबत होते.

हळूहळू लोकमत जागे झाले. १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांचे तास कमी केले आणि त्यांना रोज दोन तास शाळा सक्तीची झाली. कायदा नीट पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी निरीक्षकही नेमले. १८४७ साली क्वारी बँक गिरणीत करारावर मुले आणण्याची पद्धत बंद झाली.

वाफेच्या यंत्रांमुळे पुढे गिरण्यांना नदीची गरज उरली नाही. त्या शहरांत वाढू लागल्या. स्टायलची गिरणी मात्र १९५९ पर्यंत चालू राहिली. त्याआधीच, १९३९ साली, ग्रेग घराण्याने गिरणी आणि गाव नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकले होते. आता गिरणीत संग्रहालय आहे आणि गावातल्या जुन्या घरांत लोक राहतात.

तेथे येणारे प्रवासी मुलांचे ते घरही पाहतात. कापडाचा इतिहास यंत्रांनी घडवला, तसाच तो लहान हातांनीही घडवला. जोसेफला हवे तितक्या वेळा शाळेत जाता येत नसे. आज शाळा हा मुलांचा हक्क मानला जातो. तो हक्क मिळण्यामागे अशा कितीतरी मुलांचे कष्ट आहेत.