बैल लाकडाचा, चाल जिवंत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मान पोरांचा. तान्ह्या पोळ्याला झूल पांघरलेले, गोंडे-घुंगरं ल्यालेले लाकडी बैल गल्लीत उतरतात आणि पोरं घरोघरी फिरून बोजारा गोळा करतात. ही प्रथा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सुरू केली, असे मानतात. चाकांवर ठोकलेल्या या बैलाला ना गुडघा वाकवता येतो, ना मान. तरी दोरी ओढली की बघणारा म्हणतो, ‘बैल चालला!’

असे का वाटते, हे अ‍ॅनिमेशनचे शास्त्र सांगते. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981च्या ग्रंथात या कलेची बारा तत्त्वे मांडली. एक तत्त्व पूर्वतयारीचे. सैल दोरी आधी ताणली जाते, बैल क्षणभर अडतो आणि मग चाके फिरतात. त्या क्षणात आपल्याला बैलाची मर्जी दिसते. दुसरे तत्त्व मागे रेंगाळणाऱ्या हालचालीचे. बैल थांबला तरी गोंडे झुलत राहतात. तिसरे वेळेचे. मोठा बैल सावकाश वेग घेतो, चिमुकला टुणटुण उडतो. दोघांचे वजन आपण त्यांच्या गतीवरूनच ओळखतो.

दबणे आणि ताणणे हे तर मूळ तत्त्व, पण लाकूड कुठे दबते? अ‍ॅनिमेटर जॉन लॅसेटर यांनी 1986च्या ‘लक्सो ज्युनिअर’ या लघुपटात हा पेच सोडवला. त्यातला टेबललॅम्प धातूचाच राहतो, मात्र उडी मारण्याआधी सांध्यांत दुमडतो. नाक-डोळे नसलेला तो दिवा अवखळ पोर वाटतो. त्याआधी 1944 साली हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी पडद्यावर नुसते दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ हलवून दाखवले होते. बहुतेक प्रेक्षकांनी त्यात भांडण आणि पाठलाग पाहिला.

आपल्याकडे निर्जीव वस्तूत जीव आणण्याची ही किमया दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये 1915 सालीच केली. काडी जराशी सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. बारा तत्त्वे ग्रंथात येण्याआधी सहासष्ट वर्षे!

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे इडापीडा घालवण्यासाठी केलेले बाईच्या रूपातले पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळीची परंपरा 1881ची, पिवळीची 1885ची. इथे अतिशयोक्ती आणि मांडणी ही दोन तत्त्वे कामाला येतात. अवाढव्य देह, गर्दीच्या डोक्यांवरून दिसणारा चेहरा आणि दोघींची भरचौकात होणारी भेट. सोबतचे बडगे नावाचे पुतळे त्या वर्षीच्या भानगडींची टर उडवतात. बांबू-कागदाच्या या बाईला इडापीडा घेऊन जायला सांगताना कुणालाच संकोच वाटत नाही.

थोडक्यात, रंगवलेले डोळे वस्तूला चेहरा देतात, जीव येतो तो वजन आणि वेळ साधल्यावर. पटत नसेल तर यंदाच्या सुट्टीत मुलांना घेऊन बसा. मोबाईल एका जागी पक्का करा आणि घरातली चप्पल चालवून बघा. सेकंदाला बारा फोटो, म्हणजे पाच सेकंदांना साठ. सुरुवातीला आणि शेवटी चप्पल थोडी थोडी सरकवा, मध्ये जास्त. साठही वेळा सारखीच सरकवली, तर ती निर्जीवच राहील.