आधी चासी, मग नाव

वणी तालुक्यातलं राजूर म्हणजे कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या. अशा गावात माळ्यावरून उतरवलेल्या रेडिओची धूळ झटकता झटकताच पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या कंपनीचा?’ ‘मर्फी, तो बाळाच्या चित्राचा’ एवढं म्हटलं की ओळख पटली असं सगळ्यांना वाटतं. दुरुस्तीच्या कामी हे नाव फार तोकडं पडतं. मर्फी कंपनी 1929 साली इंग्लंडमध्ये निघाली. आपल्याकडचे सेट बनले ठाण्याच्या कारखान्यात. तिकडच्या सेटचे सर्किट-नकाशे शोधले तर आजही सापडतात, पण त्यांत बहुधा लाँग वेव्ह असायची आणि इकडच्या सेटमध्ये तिच्याऐवजी शॉर्ट वेव्हचे जादा पट्टे. नुसत्या नावावर मिळवलेला नकाशा म्हणजे चुलतभावाच्या मापाचा सदरा. अंगात जाईल, पण बटणं लागायची नाहीत. म्हणून मागचा पुठ्ठा काढून चासी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, वाचणं हे पहिलं काम, आणि कागद शोधणं दुसरं.

वाचायला सुरुवात वाल्वच्या काचेपासून. ती ओल्या फडक्याने पुसू नये. धुळीबरोबर छापील अक्षरंही निघून येतात आणि सेटचा सगळ्यात पक्का पुरावा फडक्यावर उतरतो. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर फिलामेंटचं. ‘ई’ असेल तर 6.3 व्होल्ट, ‘डी’ म्हणजे सहसा बॅटरीवरचा सेट, ‘यू’ असेल तर सगळे वाल्व 100 मिलिअँपिअरवर एकामागोमाग एक जोडलेले. समजा यूसीएच 81, यूबीएफ 89, यूसीएल 82 आणि यूवाय 85 अशी चौकडी निघाली, आणि ड्रॉपर रेझिस्टन्स जळून त्यावरचा आकडाही गेलेला आहे. फिलामेंटचे व्होल्ट 19, 19, 50 आणि 38; बेरीज 126. मेन्स 230, म्हणजे उरले 104. त्याला 0.1 अँपिअरने भागलं की 1040 ओहम. डायलचा दिवा त्याच साखळीत असेल तर त्याचे व्होल्ट आधी वजा करायचे. जवळपास साडेदहा वॉट उष्णता तिथे निघणार, तेव्हा वीस वॉटचा रेझिस्टन्स बरा. मॉडेल नंबर अजून ठाऊक नाही, आणि गेलेल्या भागाचं माप हातात आलंसुद्धा. ‘यू’चा आणखी एक अर्थ असा की पॉवर ट्रान्सफॉर्मर बहुधा नाही, चासीच थेट मेन्सला जोडलेली असू शकते. तपासताना मेन्सच्या तारेत सिरीज बल्ब लावला म्हणून शॉक टळत नाही. त्याला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच लागतो.

यावर कसलेला मेकॅनिक म्हणेल, मधे कुणी भलताच वाल्व खुपसला असेल तर? खुपसतात खरं. म्हणून काचेची साक्ष सॉकेटकडून पडताळायची. वर सांगितलेल्या नऊ पायांच्या वाल्वमध्ये फिलामेंट 4 आणि 5 नंबरच्या पायांवर असतं. तिथल्या तारा एका सॉकेटवरून दुसऱ्यावर साखळीने जातात की सगळ्यांना समांतर, हे डोळ्यांनी दिसतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आयएफची (इंटरमीजिएट फ्रिक्वेन्सीची) नेमकी किंमत, कॉइलची मापं, डायलच्या दोरीचे वेढे चासी सांगत नाही. हे मान्यच. तिथे खरा नकाशा हवा. पण आता वाल्वची यादी आणि बँडची संख्या हाताशी असल्याने दहा नकाशांतले नऊ बघताक्षणी बाजूला पडतात. तोवर आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या मेणाने बंद केलेल्या कोअरला हात लावू नये. गळका कंडेन्सर न शोधता सगळा राग त्या कोअरवर काढणारे पुष्कळ, आणि मग सेट कायमचा बेसूर. दोरीवरच्या काट्याचं मात्र नकाशाविना निभावतं. नागपूर आकाशवाणीची मध्यम लहर 585 किलोहर्ट्झ, म्हणजे जुन्या डायलवर साधारण 513 मीटर. दिवसा नागपूर लागलं तेव्हा काटा बोटभर बाजूला दिसला, आणि डायलच्या दुसऱ्या टोकालाही तेवढाच सरकलेला निघाला, तर कोअर नाही, दोरीवरचा काटा सरकवायचा.