विष सापडले तरी, विष सापडले नाही तरी

सत्र न्यायालयाचे खुनाच्या खटल्यातले निकालपत्र उघडले की पहिल्या काही पानांत दोन रकाने दिसतात: एकीकडे मुद्दे, दुसरीकडे निष्कर्ष. मृत्यूच संशयास्पद असेल तर सहसा पहिला मुद्दा आरोपीविषयी नसतो. मृत्यू घातपाती होता हे सरकार पक्षाने सिद्ध केले आहे काय, असा तो असतो. आरोपीचे नाव दुसऱ्या मुद्द्यात येते, आणि पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले तर खुनापुरता तो दुसरा मुद्दा उरतच नाही. दोन्ही प्रश्न सरकार पक्षाला विचारलेले असतात. आरोपी सुटला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मात्र 'क्लीन चिट' असे छापून येते, मृताच्या घरच्यांना न्यायालयाने आपल्याला खोटे ठरवले असे वाटते आणि गावात 'कायदा विकला गेला' अशी चर्चा सुरू होते. माझे म्हणणे असे की यातले बरेच खटले निकालाच्या दिवसाच्या खूप आधी, मृत्यूनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत हातचे गेलेले असतात. त्याचा राग पुराव्याच्या कसोटीवर काढून काही साधत नाही.

पुण्यातले दोन खटले शेजारी ठेवून पाहावेत. 12 नोव्हेंबर 1956 च्या रात्री शुक्रवार पेठेत राहणाऱ्या लक्ष्मीबाई कर्वे आपल्या डॉक्टरांबरोबर रेल्वेने मुंबईला निघाल्या. त्या विधवा होत्या, पैसेवाल्या होत्या आणि त्यांना मधुमेह होता. पहाटे डॉक्टरांनी त्यांना बेशुद्ध अवस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात आणले आणि नाव भलतेच सांगितले. त्याच दिवशी, शुद्धीवर न येता, त्या गेल्या. प्रेत बेवारस ठरले आणि विच्छेदनासाठी वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेले. तिथे मानेवरच्या एका खुणेमुळे शंका आली आणि मृत्यूनंतर सुमारे दहा दिवसांनी शवविच्छेदन झाले. व्हिसेरात, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या अवयवांत, विष सापडले नाही. तरीही अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1959 मध्ये त्या डॉक्टरांची, म्हणजे लागूंची, फाशी कायम केली. दुसरा खटला 1982 चा. लग्नाला जेमतेम चार महिने झालेली मंजुश्री 11-12 जूनच्या रात्री सासरी मरण पावली. मृत्यू सायनाइडने झाला होता. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने पतीची शिक्षा कायम केली आणि जुलै 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. पहिल्या खटल्यात विष सापडले नाही आणि दोष शाबीत झाला. दुसऱ्यात विष सापडले आणि दोष शाबीत झाला नाही.

हा उलटा न्याय वाटतो, पण निकालपत्रे नीट वाचली की त्यामागचे तर्कशास्त्र उलगडते. लागू खटल्यात बहुमताचे निकालपत्र न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की विष देणारा स्वतः डॉक्टर असेल तर मागे खूण न ठेवणारे विष निवडणे त्याला अवघड नसते. अशा वेळी प्रयोगशाळेच्या कोऱ्या अहवालावर सगळा खटला टांगून ठेवला तर हुशार गुन्हेगारालाच सूट मिळेल. मग पाहायचे काय, तर वागणूक. डॉक्टरांनी रुग्णालयात खोटे नाव सांगितले. बाई जिवंत आहेत, दुसरे लग्न करून दूर राजस्थानात स्थायिक झाल्या आहेत, अशा अर्थाची पत्रे त्यांच्या नावाने नातेवाइकांना येत राहिली. दरम्यान त्यांची मालमत्ता डॉक्टरांच्या हाती जात राहिली. रोगी नैसर्गिकपणे दगावला असता तर यातले काहीच करायची गरज नव्हती. मंजुश्रीच्या खटल्यात असे मागचे-पुढचे वर्तन हाती नव्हते. सायनाइड पतीकडे होते हे दाखवता आले नाही. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत सासरचा जाच दिसत होता. त्याच पत्रांतून तिच्या मनाची अशी अवस्था दिसत होती की तिने स्वतःच जीव दिला असेल ही शक्यता न्यायालयाला पुसून टाकता आली नाही. न्या. फाजल अली यांनी परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या एकत्र मांडल्या त्या इथेच. प्रत्येक दुवा पूर्ण सिद्ध हवा, आणि साखळी अशी हवी की आरोपी निर्दोष असण्याची एकही वाजवी शक्यता उरू नये. आज देशातल्या कोणत्याही सत्र न्यायालयात ही 'पंचशील' तत्त्वे उद्धृत होतात.

त्या निकालपत्रातला आणखी एक भाग सहसा चर्चेत येत नाही. साक्षीपुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला त्याच्याविरुद्धची एकेक परिस्थिती सांगून स्पष्टीकरण विचारतात. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे हे कलम 313. या खटल्यात काही परिस्थिती आरोपीसमोर कधी ठेवल्याच गेल्या नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या सरळ वजा केल्या. ही सरकार पक्षाच्या आणि खालच्या न्यायालयाच्या कामातली उणीव होती. तिची किंमत खटल्याने मोजली.

आता पहिल्या दिवसाकडे यावे. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंच बोलावून प्रेताचा पंचनामा होतो आणि शव विच्छेदनाला जाते. विषाचा संशय असेल तर जठर आणि लहान आतड्याचा भाग एका बरणीत, यकृत व मूत्रपिंडाचे तुकडे दुसऱ्या बरणीत, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मालिन वापरत नाहीत, कारण त्याने विषाचा शोध बिघडतो. रक्त वेगळ्या बाटलीत जाते. वापरलेल्या मिठाच्या द्रावणाचा नमुनाही सोबत द्यायचा असतो, म्हणजे विष मिठातून आले अशी शंका राहत नाही. बरण्यांना लाखेचे सील लागते, मुद्देमाल नोंदवहीत नोंद होते आणि एखादा शिपाई तो माल न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोहोचवतो. उलटतपासणी याच वाटेवरून चालत जाते. सील कोणाचे होते, नमुना सील सोबत गेले होते का, मधले आठ दिवस बरण्या कोणाच्या ताब्यात होत्या? एका प्रश्नाला शिपाई अडखळला की प्रयोगशाळेचा निर्दोष अहवालही निकामी होतो. घटनास्थळी पेला, कप, कागदाची पुडी जशी होती तशी जप्त झाली नाही, तर विष कोणाच्या हातून आले हा प्रश्न तिथेच विरतो.

पुराव्याच्या या कसोटीवर गंभीर आक्षेप आहे, आणि तो पुण्यातच उभा राहिला. मंजुश्रीच्या मृत्यूनंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभारला. त्यांच्या प्रश्नाचा गाभा असा होता: बंद दाराआड, सासरच्या चार भिंतींत बाई मरते तेव्हा साक्षीदार आणायचा कुठून? पुराव्याची इतकी कडक कसोटी म्हणजे घरात खून करणाऱ्याला अभयच. हा आक्षेप खरा आहे, आणि कायद्याने तो काही प्रमाणात ऐकलाही. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत 1983 मध्ये विवाहितेच्या छळाचे कलम 498 अ आले, 1986 मध्ये हुंडाबळीचे 304 ब आले. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की घराच्या आत गुप्तपणे गुन्हा घडला असेल तर आत असणाऱ्यांनी काय झाले ते सांगितले पाहिजे. त्यांचे मौन किंवा खोटे उत्तर हाही साखळीतला दुवा ठरतो. त्याआधी, 1973 च्या शिवाजी सहाबराव बोबडे खटल्यात, न्या. कृष्ण अय्यर यांनी संशयाचा फायदा वाट्टेल तसा उधळू नये असा इशारा दिला होता. त्याच निकालात 'गुन्हा केला असावा' आणि 'गुन्हा केलाच' यांतले अंतर पुराव्यानेच कापावे लागते, हेही आहे. दोन्ही गोष्टी एकत्र पाळायच्या आहेत. कसोटी सैल केली तर फायदा मृत बाईला होईलच असे नाही. ज्याच्याकडे वकील नाही आणि पैसा नाही असा आरोपी आधी सापडेल.

उलट बाजूचा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. लागू खटल्यात न्या. सरकार यांनी भिन्नमत नोंदवले होते. मृत्यू अनैसर्गिक होता हेच सिद्ध झाले नाही असे त्यांचे मत. तीनपैकी एका न्यायाधीशाला पहिल्याच मुद्द्यावर शंका होती, तरी शिक्षा फाशीची राहिली. दोषसिद्धी योग्य होती असे मला वाटते, कारण त्या खोट्या पत्रांचे दुसरे कोणतेही स्पष्टीकरण टिकत नाही. पण अशा पुराव्यावर जीव घेणारी शिक्षा देऊ नये, असेही माझे ठाम मत आहे.

पहिल्या दिवसाच्या तपासासाठी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा अशी तरतूद आहे, आणि ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. पण ती लागू होते गुन्ह्याची खबर आल्यावर. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झालेल्या सुनेच्या स्वयंपाकघरात त्या तरतुदीने तज्ज्ञ पोहोचत नाही. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत मेलेल्या बाईच्या शवविच्छेदनाची काळजी कायदा वेगळी घेतो. घटनास्थळाच्या तपासणीचीही तशीच घ्यावी. महाराष्ट्र सरकारने ही तरतूद लागू करताना अशा प्रत्येक अकस्मात मृत्यूचा समावेश तिच्यात करावा.