सीमेपलीकडचा इलाज

१९७९ च्या डिसेंबरात स्टीव्ह मॅक्वीन या विख्यात अमेरिकी नटाला डॉक्टरांनी जे निदान सांगितले, त्यात आशेला फारशी जागा नव्हती. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग बहुतांशी अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होतो, आणि तरुणपणी मरीन दलात असताना जहाजाच्या नळांवरील अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टन खरवडण्याचे काम मॅक्वीनने केले होते. किरणोपचारांनी गुण आला नाही, पुढील वर्षी रोग पसरल्याचे आढळले, आणि स्वदेशातील वैद्यकाने हात टेकल्यावर १९८० च्या जुलैत तो सरहद्द ओलांडून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया प्रांतातील एका आरोग्यधामात दाखल झाला. तेथे विल्यम डोनाल्ड केली या माणसाची उपचारपद्धती चालत असे. केली मूळचा टेक्ससमधील दंतवैद्य. आपला स्वतःचा कर्करोग आहाराने व पाचक विकरांनी आपणच बरा केला, असा त्याचा दावा होता.

केलीच्या पद्धतीचे मर्म असे, की प्रत्येक माणसाची चयापचयप्रकृती निराळी, म्हणून प्रत्येकाचा इलाजही निराळा. लांबलचक प्रश्नावलीवरून प्रकृती ठरवायची आणि त्यानुसार आहार, जीवनसत्त्वे, स्वादुपिंडाची विकरे व कॉफीचे एनिमा यांचा क्रम आखून द्यायचा. वात, पित्त आणि कफ यांच्या भाषेत वाढलेल्या मराठी माणसाला ही कल्पना मुळीच परकी वाटणार नाही. माझ्या मते तिचे सामर्थ्यही येथेच आहे. कारण ज्या रुग्णाला मोठ्या इस्पितळाने ‘चौथी स्टेज’ असा एक शेरा मारून सरासरीच्या कोष्टकात बसवले, त्याला कोणीतरी प्रथमच झोप, भूक आणि पूर्वायुष्य यांची विचारपूस करते. ही ओढ वेडेपणाची नाही. आपल्याला आपण म्हणून पाहिले जावे, हा मरणोन्मुख माणसाचा न्याय्य हक्क आहे.

मॅक्वीनला याबरोबर लेट्रिलही देण्यात आले. जर्दाळूच्या बियांतील द्रव्यापासून बनवलेल्या या औषधाचा त्या काळी अमेरिकेत केवढा बोलबाला होता, याची आज कल्पना येणार नाही. ऑक्टोबरात, आपला जीव वाचवल्याबद्दल त्याने मेक्सिकोच्या जनतेचे जाहीर आभार मानले. नोव्हेंबरात तेथील हुआरेझ शहरात त्याच्या पोटातील प्रचंड गाठ काढण्यात आली आणि शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच, ७ नोव्हेंबर १९८० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्याचे निधन झाले. लेट्रिलची रीतसर चाचणी मेयो क्लिनिक व इतर संस्थांनी १७८ रुग्णांवर केली आणि निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला: रोग कोणाचाही बरा झाला नाही, आयुर्मान वाढल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोहोचले होते.

केलीच्या विचाराची कहाणी मात्र तेथे संपली नाही, आणि तिचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाहून अधिक विचारणीय वाटतो. न्यूयॉर्कमधील निकोलस गोन्झालेझ या रीतसर पदवीधर डॉक्टराने केलीच्या दप्तरांचा अभ्यास करून तीच पद्धत पुढे चालवली. १९९९ मध्ये त्याने स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ११ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला; त्यांतील बहुसंख्य वर्षाहून अधिक जगले होते, जे या दुर्धर रोगात विरळाच. अमेरिकी सरकारच्या अर्थसाहाय्याने कोलंबिया विद्यापीठात मोठी चाचणी हाती घेण्यात आली. चिठ्ठ्या टाकून उपचार ठरवण्यास रुग्ण राजी होईनात, तेव्हा निवड त्यांच्यावरच सोपवण्यात आली. एकूण ५५ जणांपैकी २३ जणांनी केमोथेरपी पत्करली, ३२ जणांनी विकरांचा मार्ग धरला. केमोथेरपी घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १४ महिने भरले, विकरे घेणाऱ्यांचे ४.३ महिने, आणि जीवनाची प्रतही पहिल्या गटाचीच बरी राहिली. रुग्णांनी पथ्य नीट पाळले नाही, अशी गोन्झालेझची तक्रार होती, आणि स्वेच्छानिवडीच्या चाचणीला काही मर्यादा असतात, हेही मान्य केले पाहिजे. पण ११ जणांच्या टाचणाने जी आशा उभी केली, ती ५५ जणांच्या हिशेबात टिकली नाही, एवढे मान्य करणे भाग आहे.

परदेशी दवाखान्यांच्या बाबतीत हा हिशेबच बहुधा हरवतो. रुग्ण दोन-तीन आठवडे राहतो, ताजातवाना होतो, मायदेशी परततो आणि तेथे कालवश होतो; त्याच्या मृत्यूची नोंद त्याच्या गावच्या दप्तरात होते, दवाखान्याच्या दप्तरात तो ‘सुधारणा होऊन गेला’ एवढाच उरतो. यात प्रत्येक वेळी फसवणूकच असते असे नव्हे. बव्हेरियातील डॉक्टर योझेफ इसेल्स, ज्याच्याकडे गायक बॉब मार्ली आयुष्याचे अखेरचे महिने राहिला, तो आपल्या उपचारांवर मनापासून विश्वास ठेवणारा होता. तथापि श्रद्धेने हिशेबाची जागा भरून निघत नाही. घरदार विकून परदेशी निघालेल्या कुटुंबाने म्हणूनच निदान एक गोष्ट मागावी: बरे झालेल्यांची छायाचित्रे नकोत, आलेल्या सर्वांचे पुढे काय झाले त्याची प्रसिद्ध नोंद दाखवा.

खरा वैयक्तिक उपचार आता अस्तित्वात आहे, ही गोष्ट या हकिगतीला आणखी गुंतागुंतीची करते. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या गाठीतील जनुकीय बदल वाचून त्या एकाच रुग्णासाठी घडवलेली एम-आरएनए लस १५७ जणांच्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाच्या जोडीला दिली गेली, तेव्हा रोग उलटण्याचा वा मृत्यूचा धोका, ते औषध एकट्याने घेणाऱ्यांच्या मानाने, ४४ टक्क्यांनी कमी आढळला. परंतु हे सारे रुग्ण गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढलेले होते. जाहिरातीतून हे वाक्य गळते, आणि ज्याच्या यकृतात रोग पसरला आहे त्याचा मुलगा तिकिटाची चौकशी करू लागतो.

आपल्या मुंबईचा या विषयाशी संबंध जुना आहे. लेडी मेहेरबाई टाटा यांना रक्ताचा कर्करोग झाला. त्या काळचे उत्तमोत्तम वैद्यकीय साहाय्य विकत घेण्याची ऐपत असूनही १९३१ मध्ये वेल्समधील रुथिन येथील शुश्रूषागृहात त्यांचे देहावसान झाले, आणि पुढल्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी जर्मनीत निवर्तले. त्या दुःखातून रक्तकर्करोगाच्या संशोधनासाठी विश्वस्तनिधी उभा राहिला आणि १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. त्याच रुग्णालयाने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशी पालटून रोगावर सोडण्याचा कार-टी उपचार सिद्ध केला, ज्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराची २०१७ मधील किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. येथे ती साधारण दहाव्या हिश्श्यावर आली. रक्ताच्या विशिष्ट कर्करोगांखेरीज इतरत्र त्याचा उपयोग अद्याप सिद्ध नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

आणि ज्यांच्यासाठी यांतले काहीच नाही, त्यांचे काय? बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात पसरलेल्या फुप्फुसकर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना निदानापासूनच वेदनाशमनाची व मनाच्या आधाराची नियमित जोड दिली गेली. २०१० मध्ये निष्कर्ष आले: त्यांना खिन्नता कमी जाणवली, अखेरच्या काळात त्यांच्यावर जबर उपचारांचा मारा कमी झाला, आणि मध्यम आयुर्मान ८.९ ऐवजी ११.६ महिने भरले. या शुश्रूषेतही प्रत्येक रुग्णाची विचारपूस वेगळी होते, आणि तिला पारपत्र लागत नाही. आपल्याकडे मॉर्फिनसारख्या औषधांवरील कायद्याचे जाचक निर्बंध २०१४ च्या दुरुस्तीने पुष्कळसे सैल झाले; तरी तालुक्याच्या गावी कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसाच्या घरच्यांना त्या गोळीसाठी अजूनही जिल्ह्याच्या शहराची, कित्येकदा थेट परळची वाट धरावी लागते.